कोंबड्यांना प्रवचन देणारा मुलगा आणि त्याची तीन चित्रपुस्तके

१९५६ साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील ट्रॉय या गावी सोळा वर्षांचा एक काळा मुलगा आपल्या भावंडांबरोबर सार्वजनिक वाचनालयात गेला. त्याला वाचनालयाचे कार्ड हवे होते. तिथे सांगण्यात आले की हे वाचनालय गोऱ्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. मुलगा रिकाम्या हाताने परतला.

बरोबर साठ वर्षांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, त्याच मुलाला अमेरिकेतील साहित्याचा एक सर्वांत मानाचा पुरस्कार, नॅशनल बुक अवॉर्ड, देण्यात आला. आता तो शहात्तर वर्षांचा होता आणि जवळपास तीस वर्षे अमेरिकेच्या संसदेत निवडून येत होता. पुरस्कार स्वीकारताना त्याने वाचनालयाची ती हकीकत सांगितली आणि त्याचा गळा भरून आला. त्याचे नाव जॉन लुईस.

पुरस्कार मिळालेले पुस्तक जाडजूड ग्रंथ नव्हते, ते एक कॉमिक होते. या पुरस्काराच्या इतिहासात प्रथमच एका चित्रकथेला हा मान मिळाला.

आपल्या घरांत कॉमिक म्हटले की भुवया उंचावतात. परीक्षा जवळ आली की आधी ते कपाटावर चढते. “चित्रं बघण्यात वेळ घालवू नकोस, पुस्तक वाच,” असे अम्मीही म्हणतात आणि शाळेत आम्हीही म्हणतो. म्हणूनच जॉन लुईस यांच्या या तीन पुस्तकांची ओळख आम्हाला करून द्यावीशी वाटते. अन्यायाचा इतिहास मुलांना कसा सांगावा, की तो त्यांना समजेल, लक्षात राहील आणि तरीही त्यांच्या मनात द्वेष पेरणार नाही, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकापुढे असतो आणि प्रत्येक आई-वडिलांपुढेही. ही पुस्तके त्या प्रश्नाचे एक चांगले उत्तर आहेत.

दहा सेंटची एक पुस्तिका

गोष्ट सुरू होते १९५५ च्या डिसेंबरात. अलाबामातील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्यानंतर शहरातील काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. लोक पायी कामाला गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले, पण बसमध्ये चढले नाहीत. अखेरीस न्यायालयाच्या निकालाने बसमधील भेदभाव संपला. या लढ्याने मार्टिन लूथर किंग या सव्वीस वर्षांच्या धर्मगुरूचे नाव देशभर झाले.

१९५७ च्या अखेरीस अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या एका संस्थेने या बहिष्कारावर सोळा पानांचे एक रंगीत कॉमिक काढले. किंमत दहा सेंट. त्यात माँटगोमेरीची हकीकत होती, गांधीजींनी भारतात काय केले तेही होते, आणि अहिंसक प्रतिकार नेमका कसा करायचा याची पायरी-पायरीने माहिती होती. ते दुकानांपेक्षा चर्चमधून, शाळा-कॉलेजांतून आणि हातोहात पसरले. जॉन लुईस यांनी ते तरुणपणी वाचले होते.

पन्नास वर्षांनी, २००८ च्या निवडणुकीच्या काळात, लुईस यांच्या कचेरीत अँड्र्यू एडिन नावाचा एक तरुण काम करत होता. निवडणूक संपल्यावर आपण कॉमिकप्रेमींच्या मेळाव्याला जाणार आहोत, असे त्याने सांगितले तेव्हा बाकीचे सहकारी हसले. लुईस हसले नाहीत. त्यांनी सांगितले की आमच्या चळवळीच्या वेळीही एक कॉमिक होते आणि त्याचा फार उपयोग झाला होता. एडिनने ती पुस्तिका शोधून काढली, पुढे विद्यापीठातील आपला प्रबंधही तिच्यावरच लिहिला, आणि लुईस यांच्यामागे लकडा लावला की तुम्ही तुमची हकीकत अशीच चित्रांतून सांगा. लुईस तयार झाले. चित्रांसाठी नेट पॉवेल हा चित्रकार मिळाला. त्याचा जन्म चळवळीनंतरचा, १९७८ चा. आणि तोही दक्षिणेतला, आर्कान्सा राज्यातील लिटल रॉकचा.

‘मार्च’ या नावाने २०१३, २०१५ आणि २०१६ साली तीन भाग प्रसिद्ध झाले. मार्च म्हणजे मोर्चा, आणि ज्या दिवसाच्या आठवणीने या पुस्तकांची सुरुवात होते तो दिवसही मार्च महिन्यातलाच.

त्या दहा सेंटच्या पुस्तिकेचा प्रवास अमेरिकेपुरता थांबला नाही. २००८ मध्ये तिचे अरबी भाषांतर झाले आणि २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकात जमलेल्या तरुणांमध्येही त्याच्या प्रती वाटल्या गेल्या. सोळा पानांची पुस्तिका किती लांब जाऊ शकते, हे यावरून समजावे.

कोंबड्या, शेत आणि शाळेची बस

पहिल्या भागातील बालपण मुलांना सर्वांत जास्त आवडते. लुईस यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९४० चा. दहा भावंडांतील ते तिसरे. वडील दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसत. १९४४ मध्ये त्यांनी साठवलेल्या तीनशे डॉलरमध्ये ११० एकर जमीन घेतली. छोट्या जॉनकडे कोंबड्या सांभाळण्याचे काम आले. त्याला धर्मगुरू व्हायचे होते, म्हणून तो रोज संध्याकाळी खुराड्यात कोंबड्यांना बसवून प्रवचन देई. एका पिल्लाला ‘बाप्तिस्मा’ देताना ते पाण्यात जवळजवळ बुडालेच होते. घरात कोंबडी कापली की तो रुसून जेवायचा नाही.

या गमतीच्या चौकटी उलटता उलटता दुसऱ्या गोष्टीही नजरेस पडतात. काळ्या मुलांच्या शाळेची बस जुनी, खडखडणारी. तिचा रस्ता कच्चा. पाऊस पडला की चिखलात रुतणारा. पुस्तके गोऱ्या मुलांनी वापरून टाकलेली. पेरणी-कापणीच्या दिवसांत वडील सांगत की आज शाळा नाही, शेतावर चल. मग हा मुलगा घराच्या ओट्याखाली लपून बसे आणि बस आली की पळत जाऊन तिच्यात चढे. शाळा चुकवण्यासाठी लपणारी मुले आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. शाळेत जाण्यासाठी लपणारा हा मुलगा पाहिला की वर्गातली मुले आधी हसतात, मग गप्प होतात.

१९५१ च्या उन्हाळ्यात मामा त्याला उत्तरेला, बफेलो शहरी घेऊन जातो. निघताना गाडीत जेवणाचे डबे भरले जातात, कारण वाटेतल्या हॉटेलांत काळ्यांना वाढत नाहीत. कुठे थांबायचे, पेट्रोल कुठे घ्यायचे, कोणत्या पंपावर स्वच्छतागृह वापरू देतील, सगळे आधी ठरवलेले. दक्षिणेची हद्द ओलांडेपर्यंत मामाच्या चेहऱ्यावरचा ताण जात नाही. पाठ्यपुस्तकात हीच गोष्ट एका वाक्यात येईल की दक्षिणेकडील राज्यांत काळ्या लोकांना सार्वजनिक ठिकाणी भेदभाव सहन करावा लागे. मुले ते वाक्य पाठ करतील, परीक्षेत लिहितील आणि विसरतील. मामाचा चेहरा मात्र विसरणार नाहीत. चित्र आणि आत्मकथा एकत्र आल्या की असे घडते.

तरुण लुईस यांना ट्रॉयच्या गोऱ्यांच्या कॉलेजात प्रवेश हवा होता. त्यांनी अर्ज केला, उत्तर आले नाही. किंग यांची भेट झाली. किंग यांनी मदत करण्याची तयारी दाखवली, पण हेही सांगितले की या वाटेने गेलास तर तुझ्या आई-वडिलांच्या घरावर बाँब पडू शकतो, त्यांची जमीन जाऊ शकते; आधी त्यांना विचार. आई-वडील घाबरले आणि नाही म्हणाले. मुलाने ऐकले. लढ्याचा इतिहास सांगताना हा प्रसंग बहुधा वगळला जातो. आत्मकथेत तो राहतो, कारण ज्याच्यावर गुदरले तोच सांगत असतो.

नागपूरहून गेलेला धडा

या कथेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातून जातो, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. जेम्स लॉसन हे काळे ख्रिस्ती तरुण कोरियाच्या युद्धात सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल तुरुंगात गेले होते. सुटल्यावर १९५३ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. तिथे तीन वर्षे राहून त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. माँटगोमेरीत बसवर बहिष्कार सुरू झाल्याची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. मायदेशी परतल्यावर किंग यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेत गेले आणि टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा सुरू केल्या. त्या वेळी लुईस नॅशव्हिलमध्येच धर्मशिक्षण घेत होते. ते या वर्गांना जाऊ लागले.

या वर्गांत काय चाले, हे चित्रांत पाहण्यासारखे आहे. काही विद्यार्थी गोऱ्या गुंडांचे काम करत. ते आपल्याच मित्रांना शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्ची ओढून खाली पाडत. समोरच्याने हात उचलायचा नाही, पळायचे नाही, मारणाऱ्याच्या डोळ्यांत पाहायचे. काहींना हे जमले नाही; ते बाहेर पडले.

आमच्या वर्गात हा भाग वाचून दाखवला की एक प्रश्न हमखास येतो: “सर, त्यांनी उलट का नाही मारलं?” प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर पुस्तक उपदेशाने देत नाही. ते दाखवते की ही माणसे दुबळी नव्हती. सबर म्हणजे गप्प बसणे नव्हे. ते शिकावे लागते, त्याची तालीम करावी लागते, आणि एवढे करूनही प्रत्येकाला ते साधत नाही.

फेब्रुवारी १९६० मध्ये नॅशव्हिलचे विद्यार्थी दुकानांतील गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या जेवणाच्या टेबलांवर जाऊन बसू लागले. चांगले कपडे घालून, वह्या-पुस्तके घेऊन. वाढले नाही तरी बसून राहत, अभ्यास करत. २७ फेब्रुवारीला त्यांना मारहाण झाली, आणि अटकही त्यांनाच झाली. लुईस यांची ती पहिली अटक. पुढे आयुष्यात त्यांना चाळीसहून अधिक वेळा अटक झाली. १९ एप्रिलला या विद्यार्थ्यांचा खटला चालवणाऱ्या वकिलाच्या घरावर बाँब टाकला गेला. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे चालत नगरपालिकेवर गेले. तिथे डायान नॅश या विद्यार्थिनीने महापौरांना सर्वांसमोर सरळ विचारले की केवळ रंगावरून माणसाला वेगळे वागवणे तुम्हाला चुकीचे वाटते की नाही. महापौरांना हो म्हणावे लागले. १० मे १९६० रोजी शहरातील दुकानांनी काळ्या ग्राहकांना प्रथमच टेबलावर वाढले. पहिला भाग इथे संपतो.

बस, तुरुंग आणि घरातले मतभेद

दुसरा भाग अधिक कठीण आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसमध्ये व बसस्थानकांत भेदभाव करायचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. दक्षिणेत ते कोणी पाळत नव्हते. म्हणून ४ मे १९६१ रोजी सात काळे आणि सहा गोरे असे तेरा जण वॉशिंग्टनहून दोन बसमध्ये बसून निघाले. साउथ कॅरोलायनातील रॉक हिल येथे गोऱ्यांच्या प्रतीक्षागृहात पाऊल टाकताच लुईस यांना जमिनीवर पाडून मारले गेले. अलाबामात एक बस पेटवून दिली. मूळ प्रवास थांबवावा लागला, तेव्हा डायान नॅश यांनी नॅशव्हिलहून नवे विद्यार्थी पाठवले. हिंसेपुढे आपण थांबलो तर चळवळ संपेल, असे त्यांचे म्हणणे होते. निघण्यापूर्वी काहींनी मृत्युपत्रे लिहून ठेवली. ही मुले कॉलेजात शिकत होती, हे आपण लक्षात घ्यावे. पुढे शेकडो जणांना मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात टाकले. तिथे ते गाणी म्हणत, म्हणून पहारेकऱ्यांनी त्यांच्या गाद्या काढून नेल्या. तरीही गाणी थांबली नाहीत.

रॉक हिलच्या त्या मारहाणीचा पुढचा भाग मुलांना जरूर सांगावा. २००९ मध्ये, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनी, मारणाऱ्यांपैकी एक वृद्ध गोरा माणूस लुईस यांच्या कचेरीत आला आणि त्याने माफी मागितली. लुईस यांनी माफ केले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होते.

२८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात किंग यांचे प्रसिद्ध भाषण झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच व्यासपीठावर तेवीस वर्षांचे लुईस सर्वांत लहान वक्ते होते, आणि त्यांच्या भाषणावरून पडद्यामागे बराच वाद झाला होता. मजकूर फार कडक आहे, सरकार दुखावेल, असे काही वडीलधाऱ्यांचे मत होते. अखेरीस वयोवृद्ध नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी विनंती केल्यावर लुईस यांनी काही वाक्ये बदलली. हा मोर्चा हे रँडॉल्फ यांचे कित्येक वर्षांचे स्वप्न होते. त्यांना नाही कसे म्हणायचे, हा विचार त्यामागे होता. तरुणांची घाई आणि वडीलधाऱ्यांची सावधगिरी हा प्रश्न प्रत्येक घरात असतो आणि प्रत्येक जमातीत असतो. पुस्तक कोणालाही खलनायक न करता तो मांडते.

पुलावरची दुपार

तिसरा भाग १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी सुरू होतो. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँबस्फोट होऊन चार मुली मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. त्यानंतर मिसिसिपीत मतदार नोंदणीसाठी गेलेल्या तिघा तरुणांचे खून झाले. याच भागात फॅनी लू हेमर भेटतात. त्याही अर्धेलीने शेती करणाऱ्या. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या म्हणून त्यांना मळ्यावरून हाकलले गेले, पुढे तुरुंगात बेदम मारले. ऑगस्ट १९६४ मध्ये त्या पक्षाच्या अधिवेशनात आपली कहाणी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर सांगू लागल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने स्वतःची पत्रकार परिषद बोलावली, म्हणजे कॅमेरे तिकडे वळावेत. रात्रीच्या बातम्यांत मात्र हेमर यांचे बोलणे दाखवले गेले आणि देशाने ते ऐकले.

आपल्या वाचकांना आणखी एक भेट महत्त्वाची वाटेल. १९६४ च्या शरदात लुईस आफ्रिकेच्या दौऱ्यावर असताना नैरोबीत त्यांची गाठ माल्कम एक्स यांच्याशी पडली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये माल्कम हज करून आले होते. सर्व रंगांची माणसे तिथे खांद्याला खांदा लावून उभी असलेली पाहून त्यांचे विचार बदलले होते. अल-हाज मलिक अल-शब्बाझ हे नाव त्यांनी घेतले होते. लुईस आणि माल्कम यांचे मार्ग वेगळे होते. लुईस यांनी अहिंसा कधी सोडली नाही, आणि माल्कम यांनी स्वसंरक्षणाचा हक्क सोडला नाही. पण नैरोबीत दोघे मोकळेपणाने बोलले. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम यांचा खून झाला. तो लुईस यांचा पंचविसावा वाढदिवस होता.

त्यानंतर दोन आठवड्यांनी सेल्मा. या गावात काळी वस्ती निम्मी होती, पण मतदार यादीत काळी नावे शेकड्यात दोनच्या आसपास. नोंदणीची कचेरी महिन्यात दोनच दिवस उघडी. अर्जदाराला विचारले जाई, साबणाच्या वडीत बुडबुडे किती? बरणीत गोळ्या किती? उत्तर काहीही दिले तरी नापास. शेजारच्या मॅरियन गावी पोलिसांच्या गोळीने जिमी ली जॅक्सन हा तरुण मेला, तेव्हा सेल्माहून राजधानी माँटगोमेरीपर्यंत चालत जायचे ठरले.

७ मार्च १९६५ रोजी सुमारे सहाशे माणसे दोन-दोनच्या रांगेत निघाली. सर्वांत पुढे लुईस. अटक होणार हे धरून त्यांनी पाठीवरच्या पिशवीत दोन पुस्तके, एक सफरचंद, एक संत्रे, दात घासण्याचा ब्रश आणि पेस्ट घेतली होती. एडमंड पेटस पुलाच्या पलीकडे पोलीस उभे होते. दोन मिनिटांत परत फिरा असे सांगितले आणि तेवढाही वेळ न देता ते लाठ्या घेऊन, घोडे घालून, अश्रुधूर सोडत तुटून पडले. लुईस यांची कवटी फुटली. ही पाने शब्दांनी भरलेली नाहीत. पॉवेलने तिथे काळी शाई पसरू दिली आहे, चौकटी मोडू दिल्या आहेत. त्याच रात्री हे दृश्य टीव्हीवरून घराघरांत पोहोचले. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्काच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

हे सर्व सांगताना मध्ये मध्ये २० जानेवारी २००९ चा दिवस येतो. त्या सकाळी बराक ओबामा यांचा शपथविधी आहे, आणि एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन लुईस यांच्या कचेरीत आली आहे. मुले विचारतात, इथे इतक्या कोंबड्यांच्या मूर्ती का? आणि म्हातारा माणूस गोष्ट सांगू लागतो. पण शेवट गोड झाला, असे समजून मुलांनी पुस्तक मिटू नये. २५ जून २०१३ रोजी, पहिला भाग बाजारात येण्याच्या काही आठवडे आधी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच मतदान कायद्यातील एक महत्त्वाचा भाग रद्द केला. रक्त सांडून मिळालेला हक्कही जपावा लागतो, हे मुलांना वेळीच कळलेले बरे.

दौलताबादचे पाणी

आत्मकथेवर आधारलेले असेच एक चित्रपुस्तक आपल्या देशातही झाले आहे. २०११ मध्ये ‘भीमायन’ प्रसिद्ध झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत सांगितलेले स्वतःचे अनुभव त्यात आहेत. लेखन श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. त्यात सरळ चौकटी नाहीत. मायेने बोलणाऱ्याच्या शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. लहान मुलालाही न सांगता कळावे असे.

या पुस्तकातला एक प्रसंग आपण मुस्लिम घरांनी मुद्दाम वाचावा. १९३४ साली आंबेडकर आणि त्यांचे सहकारी वेरूळकडे जाताना दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. रमजानचा महिना होता. दरवाजाजवळच्या हौदावर प्रवासाने दमलेल्या या मंडळींनी हात-पाय धुतले. इतक्यात एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ ओरडत आले की यांनी पाणी बाटवले. आणखी माणसे जमली, शिवीगाळ झाली. आंबेडकरांनी विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? शेवटी किल्ला पाहू दिला, पण कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर शिपाई दिला.

हा प्रसंग वाचून वाईट वाटते. वाटलेच पाहिजे. ज्या दीनने वर्णावरून माणसाला उच्च-नीच मानले नाही, त्याच्या माननाऱ्यांनी रोज्याच्या महिन्यात पाण्याची बंदी करावी! आपल्यावर झालेले अन्याय मुलांना सांगणे सोपे आहे. आपल्या हातून, आपल्या वाडवडिलांच्या हातून झालेला अन्यायही त्यांना सांगता आला, तरच ती इन्साफ शिकतील. नाहीतर फक्त तक्रार शिकतील.

घरी वाचताना

‘मार्च’ इंग्रजीत आहे, पण वाक्ये छोटी आहेत. चित्रांच्या आधाराने आठवी-नववीचे मूल वाचू शकते. त्याहून लहान मुलांच्या हाती ते एकट्याने देऊ नये. मारहाण आहे, खून आहे, आणि काळ्या लोकांना दिली जाणारी घाणेरडी शिवी जशीच्या तशी आहे. मोठ्यांनी शेजारी बसून वाचावे, आणि मूल थांबेल तिथे थांबावे.

दुसरे असे की आत्मकथा एका माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेली असते. जे त्याने पाहिले तेच त्यात येते. म्हणून सोबत इतिहासाचे साधे पुस्तकही असावे: वर्षे कोणती, कायदे कोणते, बाकीची माणसे कोण होती. कॉमिक त्या पुस्तकाची जागा घेत नाही. ते वाचण्याची भूक लावते.

तिसरी गोष्ट करायला सांगायची आहे. आम्ही वर्गात एक साधा उपक्रम घेतो. एका कागदाच्या सहा चौकटी पाडायच्या. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला त्यांच्या लहानपणीचा एकच प्रसंग विचारायचा आणि तो या चौकटींत काढायचा. चित्र चांगले आलेच पाहिजे असे नाही. रेघांची माणसे चालतात. अट एवढीच की आपल्या मनाचे काही घालायचे नाही, आणि शेवटच्या चौकटीत सांगणाऱ्याचा आजचा चेहरा काढायचा. एका मुलीने नानीच्या पहिल्या मतदानाचा दिवस काढला: नवीन ओढणी, लांब रांग, बोटावरची शाई. नानीने मतदान केव्हा सुरू केले, हे तोवर घरात कोणी विचारलेच नव्हते.

जॉन लुईस १७ जुलै २०२० रोजी वारले. त्यांना वेळेवर विचारणारा एक तरुण भेटला, म्हणून त्यांची हकीकत त्यांच्याच तोंडून उरली. आपल्या घरांतील नाना-नानी, दादा-दादी यांच्याजवळही सांगण्यासारखे पुष्कळ आहे: कोणी फाळणीच्या वर्षी गाव धरून राहिले, कोणी गिरणीच्या संपात उपाशी राहिले, कोणी मोहल्ल्यातली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. या सुट्टीत मुलांच्या हाती एक पेन्सिल आणि कोरा कागद द्यावा आणि त्यांना म्हाताऱ्या माणसांजवळ बसवावे. त्यांची उमर वाढत आहे, आणि कागद काही महाग नाही.